आमची वाटचाल : डॅम्परच्या पलीकडचं काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं गॅरेज जुन्या जीपांसाठी ओळखलं जातं. वडिलांनी सुरू केलं, पुढं बरीच वर्षं सुरळीत गेली. सांगायचंय ते २०१९ च्या महापुरानंतरचं.

पाणी ओसरलं आणि नदीकाठच्या गावांतल्या जीपा कामाला निघाल्या. तेवढ्यात हायवेला एकानं कॉम्प्युटर अलाइनमेंटचं दुकान थाटलं. हँडल थरथरतंय म्हटलं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायचं, वर नवा स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचे हादरे जिरवणारा शॉक ॲब्सॉर्बर, ठोकायचा, तासाभरात गाडी मोकळी. आम्ही नकल, म्हणजे पुढच्या ॲक्सलच्या टोकाचा चाक वळवणारा सांधा, खोलायला दोन दिवस मागायचो. गिऱ्हाईक तिकडं वळलं, पोरांचे पगार थकले, भाड्याचे वांधे झाले. वर "तुम्ही लई लांबड लावता" हे ऐकून घ्यायचं.

डॅम्परनं दुखणं दबतं, जात नाही. बुडालेल्या फोर बाय फोरच्या नकलमध्ये सीलमधून पाणी शिरतं, ग्रीसचा दुधट चिखल होतो, नकल ज्यावर वळतं त्या किंगपिन बेअरिंगला गंजाचे खड्डे पडतात. प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाढला की रस्त्यातला एक दणका पुरतो. चाकं नाचायला लागतात ती वेग उतरवल्याशिवाय थांबत नाहीत. थरथर ठरावीक वेगालाच, ७०-८० च्या आसपास येऊन पुढं कमी होत असेल, तर आधी टायरची हवा, बॅलन्सिंग आणि रिम बघा. त्यासाठी आमच्याकडं यायची गरज नाही.

त्या दिवसांत चिखलीच्या एका आबांनी आमचा नाद सोडला नाही. त्यांच्या महिंद्रा एमएम ५४० जीपला दुसरीकडं बसवलेला डॅम्पर गळत होता. पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला, चाक वर-खाली धरून हलवलं, तर प्ले लागला. पोराला ब्रेक दाबून धरायला लावलं, तरी तसाच. व्हील बेअरिंगचा असता तर ब्रेकनं गेला असता. म्हणजे किंगपिन. मग गाडी जमिनीवर ठेवून हँडल थोडं थोडं इकडं-तिकडं फिरवायला लावलं आणि प्रत्येक जॉइंटवर हात ठेवला. एक टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट, बोटाला खटखटला.

दोन्ही बाजूंची बेअरिंगं कपासकट, म्हणजे बाहेरच्या कड्यासकट, बदलली. शिम, म्हणजे घट्टपणा जुळवायच्या पातळ चकत्या, वरून आणि खालून सारख्याच जाडीचे काढायचे, नाहीतर नकल मध्यावर बसत नाही. घट्टपणा हाताच्या अंदाजानं ठरवू नये. टाय रॉड सोडायचा, सील बाजूला करायचं, नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून सावकाश ओढायचा आणि आकडा मॅन्युअलशी मिळवायचा. आमचा काटा वडिलांच्या हातचा, पितळी पट्टीचा. माहितीचं वजन टांगून तो तपासल्याशिवाय कामाला घेत नाही. हायवेवाल्याकडं असला काटा कुणी पाहिलाय का, विचारा.

आबांनी पाटाकडेच्या चार जीपा पाठवल्या, त्यावर गॅरेज तगलं.

जाता जाता हौशी पोरांना: स्प्रिंगचा पाटा चासीला जोडणारी झुलती कडी, म्हणजे शॅकल, पुढं असलेल्या जीपला लांब शॅकल लावून नाक उंच करू नका. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं कललेला कोन, कमी होतो, हँडल आपण होऊन सरळ होत नाही आणि मग दोष आमच्या बेअरिंगला. उंची हवीच असेल तर पाट्याखाली टेपर शिम, म्हणजे उतरती पाचर, घालून कॅस्टर परत मिळवा आणि ५०० किलोमीटरनंतर पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. त्याचे आम्ही पैसे घेत नाही. हायवेवाला घेतो.