न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या वकिलांसाठी

नाशिकला दिवाणी कोर्टात ज्युनिअर म्हणून काम केलं, मग अमेरिकेत एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) केलं आणि न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे तिथे वकिली करण्यासाठीची परीक्षा, पास झाले. तेव्हापासून कॉलेजच्या मुलामुलींचे फोन येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, एआयबीईसारखीच असते का?"

नाही. एआयबीई म्हणजे आपली अखिल भारतीय बार परीक्षा. तिला आपण बेअर ॲक्ट (कायद्याची नुसती कलमं असलेली पुस्तकं) घेऊन बसतो आणि शंभर प्रश्न सोडवतो. न्यूयॉर्कला दोन दिवस, रोज सहा तास, आणि पुस्तक एकही जवळ नाही. फेब्रुवारी किंवा जुलैचा शेवटचा मंगळवार आणि बुधवार.

मंगळवारी सकाळी एमपीटी, म्हणजे नव्वद मिनिटांची दोन कामं. एक फाइल मिळते: अशिलाची मुलाखत, पत्रव्यवहार, एखादा करार. सोबत लागणारी कलमं आणि निवाडे. त्यावरून सिनिअरसाठी टिपण किंवा कोर्टासाठी लेखी युक्तिवाद लिहायचा. पाठ केलेला कायदा इथे लागत नाही, म्हणून बहुतेक जण याचा सरावच करत नाहीत. मला ते पटत नाही. २० टक्के गुण आहेत याला, आणि ज्यांनी रात्री ब्रीफ वाचून सकाळी तारखेला उभं राहायची सवय केली आहे त्यांचे तर हे हक्काचे गुण.

दुपारी सहा निबंध, प्रत्येकी अर्धा तास, ३० टक्के. आपल्याला विद्यापीठात पुरवण्या जोडायची सवय. इथे मुद्दा कोणता, नियम काय, तो या घटनांना कसा लागतो आणि निष्कर्ष काय, एवढंच. निवाड्यांची नावं आठवली नाहीत तरी बिघडत नाही. नियम मात्र नेमका हवा.

बुधवारी एमबीई. दोनशे बहुपर्यायी प्रश्न, शंभर सकाळी, शंभर दुपारी. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. यातले २५ प्रश्न फक्त चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे ओळखता येत नाही. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. निम्मे गुण या एका दिवसाचे.

आणि आपल्यासाठी खरी कसोटी याच दिवशी असते. अमेरिकन राज्यघटना किंवा तिथली दिवाणी प्रक्रिया आपण नवी म्हणून शिकतो, त्यामुळे लक्ष देऊन शिकतो. घोळ होतो तो करार आणि पुराव्यात, कारण दोन्हीकडचा कायदा इंग्लंडमधूनच आलेला आणि आपल्याला तो येतो असं वाटतं. मृत्यूपूर्व जबाब घ्या. पकाला नारायण स्वामी खटला (१९३९) आपण सगळे शिकलो: बोलणाऱ्याला मरणाची चाहूल असायलाच हवी असं आपल्याकडे नाही. अमेरिकन संघीय नियमांत ती हवीच. शिवाय ऐकीव पुरावा चालत नाही या नियमाला असलेला हा अपवाद फौजदारीत फक्त मनुष्यवधाच्या खटल्यात चालतो. दरोड्याच्या खटल्यात चालत नाही, आणि प्रश्न नेमका दरोड्याचा असतो.

तसंच स्वीकृतीच्या पत्राचं. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार पत्र पोस्टात टाकलं, पण ते पोचायच्या आत फोन करून नकार कळवला, तर स्वीकृती मागे घेता येते. तिथे पत्र टाकलं तेव्हाच करार झाला, नंतरच्या फोनला अर्थ नाही. आधीच करून दिलेलं काम नंतर दिलेल्या वचनाचा मोबदला म्हणून आपल्याकडे चालतं, तिथे सहसा चालत नाही. मी सगळ्यांना सांगते, अशा फरकांची वेगळी वही करा. क्लासच्या नोट्स अमेरिकन मुलांसाठी लिहिलेल्या असतात, त्यात हे कोणी सांगत नाही.

चारशेपैकी २६६ मिळाले की पास. पण तेवढ्याने सनद मिळत नाही. व्यावसायिक नीतीची एमपीआरई वेगळी द्यावी लागते, न्यूयॉर्कच्या स्वतःच्या कायद्यावर पन्नास प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा असते (हिला पुस्तक चालतं), आणि पन्नास तास विनामूल्य कायदेशीर काम दाखवावं लागतं.

परदेशी पदवीच्या पात्रतेचा अर्ज तर या सगळ्याच्या कितीतरी आधी करा, एलएलएमची फी भरण्यापूर्वीच. पदवीचा कालावधी किंवा विषय यांपैकी एकच उणीव असेल तर एलएलएमने ती भरून निघते. दोन्ही असतील तर नाही. कागदपत्रं विद्यापीठाकडून थेट जावी लागतात आणि आपल्याकडे त्या पाकिटासाठी किती खेटे घालावे लागतात हे तुम्हाला सांगायला नको.

२०२७ च्या ऑगस्टमध्ये एलएलएमला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. न्यूयॉर्क जुलै २०२८ पासून नेक्स्टजेन ही नवी परीक्षा घेणार आहे, दीड दिवसाची. तुमची तुकडी तिलाच बसेल, तेव्हा सिनिअरांकडून जुनी एमबीईची पुस्तकं विकत घेऊ नका.