प्लेगच्या अहवालांचा शोध आणि ग्रंथपालांची मार्गदर्शक पाने

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर नगरपालिका, सरकारी समित्या, लष्करी डॉक्टर आणि वर्तमानपत्रे या सर्वांनी मिळून त्या साथीविषयी कागदपत्रांचा अक्षरशः ढीग तयार केला. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी या साथीतील घरतपासणी हा विषय निवडला, तेव्हा साधनांचा तुटवडा अजिबात नव्हता. एवढ्या साधनांत हात नेमका कुठे घालायचा, हा प्रश्न होता. गुगलवर तेच ते लेख वर येत आणि त्यांच्या तळटिपांत ज्या मूळ अहवालांचे उल्लेख असत, ते अहवाल मात्र सापडत नसत. त्या वेळी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी मला परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांची दक्षिण आशियाविषयक मार्गदर्शक पाने पाहायला सांगितली. ग्रंथालयांच्या वर्तुळात या पानांना लिबगाईड म्हणतात आणि त्यांतील बरीचशी कोणालाही, कोणत्याही सदस्यत्वाशिवाय उघडता येतात.

अशा पानावर संदर्भग्रंथ, मूळ साधने, वर्तमानपत्रे, प्रबंध असे विभाग असतात आणि बाजूच्या चौकटीत त्या विषयाच्या ग्रंथपालांचे नाव व ई-मेल दिलेला असतो. पण माझ्या मते पानाचा खरा कस लागतो तो प्रत्येक दुव्याखालच्या दोन ओळींच्या टिपेत. या संग्रहात कोणत्या वर्षांचे साहित्य आहे, मजकुरात शब्द शोधता येतो की केवळ पानांच्या प्रतिमा आहेत, तो सर्वांसाठी खुला आहे की विद्यापीठाच्या लॉगिनशिवाय उघडणार नाही, हे सगळे त्या दोन ओळींत असते, आणि ते लिहिण्यासाठी कोणीतरी तो संग्रह स्वतः वापरून पाहिलेला असतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेले सूत्र मला या टिपांमध्ये प्रत्यक्ष दिसले.

शोध कसा घ्यावा याचेही मार्गदर्शन तिथे होते. पुण्यासाठी ‘पूना’ हे जुने स्पेलिंग वापरावे, शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकावा, या सूचना उपयोगी होत्याच. परंतु माझे काम खऱ्या अर्थाने मार्गी लागले ते वेगळ्याच एका सूचनेमुळे. सरकारी अहवाल ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) अनेकदा व्यक्तीच्या नव्हे, तर ते काढणाऱ्या कार्यालयाच्या किंवा समितीच्या नावाखाली नोंदलेले असतात, म्हणून ग्रंथकाराच्या रकान्यात कार्यालयाचे नाव टाकून पाहावे, असे त्या पानावर लिहिले होते. त्याप्रमाणे शोध घेतल्यावर जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीचा १८९७ चा अहवाल, म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा अहवाल आणि नेथन यांचे हिंदुस्थानातील प्लेगवरचे १८९८ चे चार खंड, अशी माझी मूळ साधनांची यादी तयार होत गेली.

कुलूपाचे चिन्ह असलेले दुवे मला बंदच राहिले आणि त्याची रुखरुख लागली. मात्र जे खुले होते तेही थोडे नव्हते: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय इतिहासाचे अहवाल ऑनलाइन ठेवले आहेत, लंडनच्या वेलकम संग्रहात साथीच्या काळातील मुंबईची छायाचित्रे आहेत, आणि आपल्याकडच्या प्रबंधांसाठी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा हे संकेतस्थळ आहेच. एका पानावरचा दुवा चालत नव्हता, म्हणून मी चौकटीतल्या ग्रंथपालांना लिहिले. त्यांनी दुवा दुरुस्त केला, आणि माझा विषय वाचून आरोग्य आयुक्तांचे वार्षिक अहवाल साथीच्या वर्षांच्या आधीपासून पाहावेत असेही सुचवले, म्हणजे मृत्यूंच्या आकड्यांची तुलना करता येईल. मी त्यांच्या विद्यापीठाची विद्यार्थिनी नव्हते, तरीही त्यांनी इतका विचार केला.

मला मनापासून वाटते की अशी पाने मराठीत, मराठी साधनांसाठी व्हायला हवीत. जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे कोणत्या वर्षांचे अंक कोणत्या ग्रंथालयात आहेत, सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) आहेत की छापील, हे आज विद्यार्थ्याला ज्याच्या त्याच्याकडे विचारत फिरून गोळा करावे लागते. आपल्या ग्रंथपालांकडे ही माहिती आहे. ती लिहून काढण्यासाठी त्यांना वेळ आणि पाठबळ दिले गेले पाहिजे.

सरकारी पत्रव्यवहार मात्र ऑनलाइन मिळाला नाही. त्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात जावे लागते, आणि तिथे विभाग, वर्ष, खंड क्रमांक व कम्पायलेशन (खंडातील कागदपत्रांचा गट) क्रमांक लिहून मागणी करायची असते. छापील अहवालांच्या आणि प्रबंधांच्या तळटिपांतून हे क्रमांक आधीच उतरवून घ्यावेत, असे मार्गदर्शक पानाने सुचवले होते. त्यामुळे जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगविषयक खंडांसाठी मी पहिली चिठ्ठी भरली तेव्हा माझ्याकडे क्रमांक तयार होते, आणि घरतपासणीविरुद्ध रहिवाशांनी केलेले अर्ज मला त्याच खंडांत मिळाले.