सह्याद्री उचलला किती आणि कापला किती

पावसाळा लागला की गगनबावडा, आंबा घाट, आंबोलीचे फोटो फिरायला लागतात आणि एखाद्या फोटोखाली हमखास ओळ असते: 'हिमयुगात हिमनदीने कोरलेली दरी'. दरी रुंद, दोन्ही बाजूंचे कडे ताठ, आणि शाळेत 'हिमनदीची दरी यू आकाराची' हे पाठ केलेलं. मग दिलं जोडून.

सह्याद्रीत हिमनदी नव्हती, आणि याचा हिशेब घरबसल्या मांडता येतो. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, वर्षाची सरासरी २५ अंशांच्या आसपास. म्हणजे सरासरी शून्य अंश गाठायला जवळजवळ ४४०० मीटर उंची पाहिजे. वीसेक हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इथली हवा पाच अंशांनी थंड होती असं धरलं तरी ही रेषा ३६०० मीटरच्या आसपास थांबते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर. बर्फ साचून वाहायला लागायचा प्रश्नच येत नाही.

मग या दऱ्या कोरल्या कुणी? त्याआधी हे बघावं लागेल की सह्याद्री हिमालयासारखा घडीचा पर्वत नाहीच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा निघाला आणि थरावर थर पसरत गेला. काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की गूळ जसा आपोआप पसरून सपाट बसतो, तसा. आज शिल्लक असलेला हा बेसाल्ट पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. कोयनेच्या परिसरात भोक पाडत गेलं तर खालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागायला नऊशे मीटरच्या पुढे जावं लागतं.

म्हणजे मुळात होतं ते पठार. त्याची पश्चिमेची कड तुटली. मादागास्कर आधीच सुटला होता, लाव्हाच्या सुमारास सेशेल्सचा तुकडाही निघाला आणि पठाराच्या कडेला समुद्र आला. पश्चिमेकडे वाहणाऱ्या ओढ्यांना एकदम खोल उतार मिळाला. उतार जास्त म्हणजे पाण्याचा जोर जास्त, आणि जोर जास्त म्हणजे ओढा स्वतःच्या उगमाकडे, मागे मागे कापत जातो. कडा असा किनाऱ्यापासून पूर्वेकडे सरकत आला. आज तो समुद्रापासून ढोबळमानाने ३० ते ६० किलोमीटर आत आहे. मधली जी पट्टी कापली गेली तिलाच आपण कोकण म्हणतो. काटेकोर बोलायचं तर सह्याद्री ही कोकणातून दिसणारी पठाराची भिंत आहे.

कोल्हापुरातून गगनबावड्याला जाताना हे नीट कळतं. डोंगर चढल्यासारखं वाटतच नाही. कळे गावापर्यंत ऊस, पुढे टेकड्या, झाडी, धुकं, आणि मग करूळ घाटाच्या तोंडाशी पायाखालची जमीन संपते. तिथून रस्ता काही किलोमीटरांत पाचेकशे मीटर खाली जातो. उलट बाजूला, पंचगंगेतून कृष्णेत गेलेलं पाणी तेवढाच उतार हजाराहून जास्त किलोमीटरांत उतरतं, म्हणजे किलोमीटरला सरासरी अर्धा मीटर. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि शिरोळला पाचशे-सहाशे. पश्चिमेच्या ओढ्याकडे उतारही जास्त आणि पाणीही जास्त. घाटमाथ्यावरची, पूर्व-पश्चिमेचं पाणी वेगळं करणारी पाणलोटाची रेषा दर शतकाला किंचित पूर्वेला सरकतेय आणि कधीतरी कोकणातला एखादा ओढा आपल्या एखाद्या नदीचं डोकं पळवणार, यात शंका नाही. नकाशावर जिथे पूर्वेकडे जाणारी नदी एकदम काटकोनात वळून पश्चिमेला पडते, तिथे अशी चोरी झाली का हे तपासून बघावं.

आता एक गोष्ट सहसा उलटी समजली जाते: झीज झाली की डोंगर बुटका होतो. सरासरी उंची कमी होते हे खरं, शिखरं मात्र वाढू शकतात. याचा शोध आपल्याच देशातल्या मोजणीतून लागला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी सर्वेक्षणात, हिमालयाजवळचं कालियाना आणि दक्षिणेकडचं कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अक्षांशांचं अंतर जमिनीवर त्रिकोणांच्या साखळीने मोजल्यावर एक आलं आणि ताऱ्यांवरून मोजल्यावर दुसरं. फरक ५.२३६ सेकंदांचा (हे कोनाचे सेकंद, एका अंशाचा ३६०० वा भाग). हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, हे कारण पुढे आलं. पण कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती प्रॅट यांनी गणित केलं तर हिमालयाच्या वजनाने १५.८८५ सेकंदांचा फरक पडायला हवा होता. मग बाकीचं वजन गेलं कुठे? १८५५ मध्ये इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उत्तर दिलं की पर्वताच्या खाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर बुडालेलं असतं, म्हणून एकूण ओढ कमी पडते.

रंकाळ्यात माणसं भरलेली होडी बघा. चार जण उतरले की होडी वर येते. पाण्याची घनता १ धरली तर कवचाच्या खडकाची २.७ ते २.९, खालच्या प्रावरणाची ३.३. म्हणून वरून १०० मीटर खडक सपाट खरवडून नेला तर जमीन ८० मीटरपेक्षा जास्त परत वर येते. निव्वळ घट बारा ते अठरा मीटरांची. आता हाच खडक सगळीकडून सारखा न काढता फक्त दऱ्यांतून काढा. भार तेवढाच हलका झाला, उचल सगळ्यांना मिळाली, शिखरांवरून मात्र काही गेलं नाही. शिखर आधीपेक्षा उंच होतं. सह्याद्रीत हेच दिसतं. कोकणपट्टीवरचा बोजा गेला, कड वर आली आणि पठार किंचित पूर्वेला कललं. सगळ्यात उंच जागा नेमक्या कड्याला लागून का, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उगवलेल्या नद्या बंगालच्या उपसागराकडे का जातात, याचं मोठं कारण या कलात आहे.

पन्हाळ्यावर उभं राहिलं की या सगळ्याचा पुरावा समोर असतो. भोवतालच्या मैदानापासून गड चारशे मीटरवर. समोर जोतिबा, पलीकडे मसाईचं पठार. माथे सपाट आणि जवळपास एकाच पातळीत. हे तीन वेगवेगळे उगवलेले डोंगर नव्हेत, एकाच जुन्या जमिनीचे उरलेले तुकडे आहेत. मधलं सगळं वाहून गेलं. माथ्यावरचा जांभा तेच सांगतो. जांभा उतारावर तयार होत नाही. उष्ण, दमट हवेत सपाट जमिनीवर पाणी मुरत राहिलं, सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, की जांभा बनतो. उघड्यावर पडला की आणखी कडक होतो आणि खालच्या थरावर झाकणासारखा बसतो. जिथे झाकण टिकलं तिथे डोंगर टिकला.

कड्याच्या पायऱ्यांचंही तसंच. घट्ट काळ्या पाषाणाचा थर उभा कडा धरतो. त्याच्या वरखालचा भोकाभोकांचा, ठिसूळ थर उतार होतो आणि त्यावर झाडी येते. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये लाल मातीचा पातळ पट्टा असतो. तिथे पाणी अडतं, झरा फुटतो, खालची बाजू पोखरली जाते आणि वरचा कडा उभ्या सांध्यांवरून तुटतो. म्हणून सह्याद्रीचा कडा झिजून गोल होत नाही, उभाच्या उभा मागे सरकतो. फोटोतली 'यू' अशी बनते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर वाटीसारखा आत वळलेला, हिमगव्हराची, म्हणजे हिमनदीने डोंगरात कोरलेल्या वाटीची, हुबेहूब नक्कल. पण पायथ्याशी हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, नाही, खडकावर ओरखडे नाहीत, तळाला उलट्या उताराची खोलगट नाही.

हिमालयात जमाखर्चाचे आकडे बदलतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि आजही वर्षाला दोनेक सेंटिमीटर हिमालयाखाली घुसतोय. उचल जागोजागी वेगळी, काही मिलिमीटर ते क्वचित सेंटिमीटरपर्यंत. नुसती ५ मिलिमीटर धरली तरी पाच कोटी वर्षांत २५० किलोमीटर होतात. एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर आहे. बाकीचं गंगा-ब्रह्मपुत्रेने खाली नेलं. बंगालच्या उपसागराच्या तळावर त्या गाळाचा पंखा तीन हजार किलोमीटर लांब पसरलाय. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात साचलेला आहे. तिथवर जायची गरज नाही म्हणा, देवघरातला शाळिग्राम फोडलेला असेल तर त्यातली चक्राकार नक्षी बघा. तो अमोनाइट, म्हणजे टेथिस समुद्रातला शंखधारी प्राणी. उचलीने वर गेला आणि गंडकीने कापून खाली आणला.

उंचावर कापायचं काम हिमनदी करते. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोसुद्धा भरत नाही. वर्षानुवर्षं दाबला जाऊन ८३० किलोच्या आसपास पोचला की हवेच्या वाटा बंद होतात आणि खरा हिम तयार होतो. त्याचा थर तीसेक मीटर झाला की तळचा हिम स्वतःच्या वजनाने, थंड काकवीसारखा, सरकायला लागतो. वरचा भाग मात्र ठिसूळच राहतो, म्हणून त्याला भेगा पडतात. नुसता हिम खडक कापू शकत नाही. तो दोन गोष्टी करतो. तळात रुतलेले दगड घेऊन पॉलिशपेपरसारखं घासतो. आणि खडकाच्या सांध्यात शिरलेलं पाणी गोठवून ठोकळेच्या ठोकळे उपटतो. मेषशिलेत, म्हणजे हिमनदी ज्यावरून गेली अशा खडकाच्या उंचवट्यात, दोन्ही एकत्र दिसतं, प्रवाह येतो त्या अंगाला गुळगुळीत आणि जातो त्या अंगाला ओबडधोबड. हिमनदी कुठून कुठे गेली हे त्या एका दगडावरून सांगता येतं. दोन-तीन बाजूंनी गव्हरं मागे सरकत एकमेकांना भिडली की मधे टोक उरतं. गंगोत्री हिमनदीवरचं शिवलिंग, ६५४३ मीटर, हे त्याचं देखणं उदाहरण.

नदी फक्त पात्र कापते, बाजू आपोआप ढासळतात, म्हणून व्ही. हिमनदी दरीभर टेकलेली असते, तळ आणि बाजू एकदमच घासते, म्हणून यू. बद्रीनाथ-माणा परिसरातली रुंद दरी आणि विष्णुप्रयागजवळची अरुंद घळ एकाच प्रवासात बघायला मिळतात. तरीही नुसत्या आकारावर निकाल देऊ नका. दरड पडून नदी अडली, तलाव झाला, गाळाने भरला, तरी तळ सपाटच दिसतो. आकारापेक्षा दगड बघावेत, ते फसवत नाहीत. नदीने आणलेले गोटे गोल, साधारण एका मापाचे आणि कौलांसारखे एकमेकांवर रेललेले, प्रवाहाच्या वरच्या दिशेला कललेले. हिमोढात पिठासारख्या मातीपासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र, कोपरे बोथट, काहींवर समांतर ओरखडे, आणि दगडांच्या जाती अनेक, कारण माल लांबून गोळा केलेला. दरडीचा ढीगही असाच मिसळलेला दिसतो, पण त्यातला दगड वरच्या कड्याचाच, धारदार आणि बिनओरखड्यांचा. घोटाळा बहुतेक वेळा हिमोढ आणि दरड यांतच होतो.

हे ओळखणं नुसतं हौसेचं नाही. हिमोढ म्हणजे सुटा माल, सिमेंट नसलेला बांध. त्यामागे पाणी साठलं की तो कधीतरी फुटणार. केदारनाथ अशाच जुन्या हिमोढाच्या मालावर वसलंय. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी आणि वितळत्या बर्फाने वरचा चोराबारी तलाव भरला आणि १७ तारखेच्या सकाळी त्याचा हिमोढाचा काठ फुटला.

आपल्याकडे हिमोढ नाही, पण सुटा माल भरपूर आहे. जांभ्याखाली पांढरट-पिवळी चिकट माती असते. जांभ्यातून पाणी झिरपतं, मातीवर थांबतं, आणि चार-पाच दिवस सलग पाऊस लागला की आतला दाब वाढून वरचं झाकण घसरतं. रस्त्यासाठी उताराचा पाय कापला तर हे लवकर होतं. पन्हाळ्याचा मुख्य रस्ता २०२१ च्या जुलैत खचला, तो जांभ्याच्या गडावर. नुसती दगडी भिंत बांधून उपयोग नाही. भिंतीत पाणी निघायला नळ्या नसतील, किंवा असून बुजल्या असतील, तर मागचं पाणी भिंतीलाच ढकलतं. उताराच्या डोक्याशी जमिनीला अर्धचंद्राकार भेग, नेहमीचा स्वच्छ झरा अचानक गढूळ होणं किंवा आटणं, विजेचे खांब आणि झाडं एकाच दिशेला कलणं, बसत असलेलं दार चौकटीत अडकायला लागणं, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पाऊस उघडायची वाट बघू नये, त्याच दिवशी उताराखालची घरं रिकामी करावीत. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री टाकावी आणि वरून येणारं पाणी चर मारून बाजूला काढावं. पण हे काम दिवसाउजेडी, आणि खाली कुणी नसतानाच करायचं.