दांडीवरची गोधडी

बर्लिनमध्ये पत्ता सांगताना रस्ता आणि घर क्रमांक सांगून भागत नाही. पुढचं घर की मागचं, तेही सांगावं लागतं. रस्त्याकडचं ते फोर्डरहाउस, मागचं ते हिंटरहाउस. आम्ही शहराच्या नॉयकोल्न भागात राहतो, हिंटरहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर. रस्त्यावरचं जड लाकडी दार ढकललं की बोळासारखी अंधारी वाट लागते आणि ती संपता संपता डोक्यावर एकदम आभाळ उघडतं. चारही बाजूंना पाच-पाच मजले, मध्ये अंगण. याला इथे 'होफ' म्हणतात.

घर बघायला आले तेव्हा मन खट्टू झालं होतं. खिडकीतून रस्ता दिसत नाही, माणसांची ये-जा नाही, समोर फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या. पुण्यात वाड्याच्या चौकात वाढलेल्या मला खरं तर हे ओळखीचं वाटायला हवं होतं, पण ते वाटायला एक आख्खा हिवाळा जावा लागला.

या होफांचा इतिहास काही आनंदाचा नाही. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांमुळे बर्लिनमध्ये माणसांचा लोंढा आला. 1862 मध्ये होब्रेख्ट नावाच्या अभियंत्याच्या आराखड्याने रुंद रस्ते आखून दिले, पण रस्त्यांमधल्या मोठमोठ्या तुकड्यांवर आत काय आणि किती बांधायचं, ते बहुतेक मालकांवरच राहिलं. मालकांनी घरामागे घर बांधत नेलं. अंगण किती मोठं हवं, याचा नियम 1853 सालचा होता : 5.34 मीटर लांब, तेवढंच रुंद. का, तर आग लागली तर बंब आत वळवता यावा म्हणून. उजेडासाठी नाही, हवेसाठी नाही, मुलांसाठी तर नाहीच. वेडिंग भागातल्या मायर्स होफमध्ये अशी सहा अंगणं एकामागे एक होती. आत कामगारांची बिऱ्हाडं आणि कारखाने शेजारीशेजारी. 1972 मध्ये त्यातलं उरलंसुरलंही पाडलं.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी टेप घेऊन खाली उतरले. आमचा होफ नऊ मीटर बाय आठ निघाला. आमची इमारत 1887 नंतरची. त्या वर्षी अंगण किमान 60 चौरस मीटर हवं, असा नियम झाला होता. आपल्या वाट्याला आलेलं ऊन कुठल्या कायद्याने आलं, हे कळल्यावर मला त्या कायद्याबद्दल चक्क माया वाटली.

आता तिथे कचऱ्याचे रंगीत डबे आहेत, सायकली आहेत, एक चेस्टनटचं झाड आहे आणि वाळूचा छोटा चौकोन आहे. चार भिंतींमुळे आवाज मात्र दुप्पट होतो. मी खिडकीत उभी राहून ताईशी फोनवर बोलते ते सगळ्या होफला ऐकू जातं. कुणाला मराठी कळत नाही, एवढंच. जुन्या भिंतीवर 'इथे चेंडू खेळू नये' अशी पाटी अजून आहे, पण मुलं खेळतात. 2010 पासून बर्लिनच्या कायद्यानेच मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे सहन करण्याजोगा मानला आहे, आणि मला हा कायदा फार आवडतो.

कोपऱ्यात एक लोखंडी दांडी आहे, दोन खांबांवर आडवी. मला वाटायचं, मुलांना लोंबकळायला असेल. ती काय आहे हे आईने शोधून काढलं.

आई जूनमध्ये आली होती. एका रविवारी बघते तर तिने गोधडी त्या दांडीवर टाकलेली आणि काठीने धपाधप झटकतेय. इथे रविवार म्हणजे शांततेचा दिवस, भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मी धावत खाली पोहोचेपर्यंत तिथल्या आजीही खाली आल्या होत्या. रविवार आहे, एवढं त्यांनी सांगितलंच. पण मग गोधडीवर हात फिरवत म्हणाल्या, ही दांडी सतरंज्या आणि गालिचे झटकायचीच. आमच्या लहानपणी त्याचे ठरलेले वार आणि तास असायचे. आईला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. तिने गोधडी उलटी केली आणि आजींना मागचे टाके दाखवले. ही माझ्या सासूबाईंच्या लुगड्याची, असं मराठीतच सांगितलं. मी भाषांतर करायला गेले तर दोघींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात तिला बर्लिनच्याच ब्रिट्झ भागात नेलं, हुफाइझेन वसाहत दाखवायला. अंधाऱ्या होफांवर उतारा म्हणून ब्रूनो टाउट आणि मार्टिन वाग्नर या वास्तुकारांनी 1925 पासून ही घरं बांधली. घोड्याच्या नालाच्या आकाराची इमारत आणि मध्ये तळं, हिरवळ, मोकळं आभाळ. 2008 पासून ती जागतिक वारसा आहे. आई तळ्याकाठी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "ऊन छान आहे गं. पण वरून हाक मारली तर खाली कुणाला ऐकू जाईल का?" आमच्या वाड्याच्या चौकात आता खांबांवरची इमारत आहे आणि खाली गाड्या लागतात. त्या दिवशी तिने तो विषय काढला नाही, मीही नाही.

आई परत गेली तरी फोनवर आधी होफचीच चौकशी करते. जूनमध्ये दुपारचं ऊन दांडीपर्यंत यायचं, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. परवा म्हणाली, "आता ऊन कुठवर येतं गं?" ऑक्टोबर संपत आलाय. मी खिडकीत जाऊन बघितलं आणि सांगितलं, आजींच्या खिडकीपर्यंत.

"मग त्यांना सांग, गोधडी तिथेच वाळत घाल म्हणावं."