गाडी ढकलत न्यायचा उन्हाळा

एप्रिल लागला की मी सकाळी मोटरसायकल घरासमोर चालू करत नाही, ढकलत ढकलत मारुतीच्या पारापर्यंत नेतो आणि तिथं गेल्यावर किक मारतो. पहिल्या वर्षी गल्लीतल्या लोकांना वाटलं पेट्रोल संपलं असेल, एका काकांनी तर पोराच्या हातात बाटली देऊन पाठवलं. आता सगळ्यांना माहीत आहे की हे कुत्र्याच्या भीतीनं चाललंय. चावायच्या भीतीनं नाही हो, मागं यायच्या.

टायगर त्याचं नाव, पण गावात कुत्र्याचं नाव सरळ कोण घेतं, म्हणून टायगऱ्या. गावरानी, तांबडा, एक कान उभा आणि एक पडलेला. आणि खरं सांगायचं तर उन्हाळा कसा काढायचा हे त्याला आम्हा घरच्यांपेक्षा जास्त कळतं. सकाळी घराच्या मागच्या बाजूला, ऊन डोक्यावर आलं की आजीच्या रांजणापाशी, आणि चारनंतर गोठ्यात गव्हाणीखाली, असं त्याचं टाइमटेबल ठरलेलं. आजीचा रांजण पाझरतो, खाली कायम ओल असते, तिथं त्यानं पुढच्या पायांनी उकरून उकरून बरोबर आपल्या पोटाच्या मापाचा खड्डा केलाय. वरची तापलेली माती बाजूला सारायची, खालची काळी गार माती लागली की मागचे दोन्ही पाय बेडकासारखे पसरून पोट टेकवून द्यायचं आणि एक लांब सुस्कारा सोडायचा. तो सुस्कारा ओसरीपर्यंत ऐकू येतो. आजी ओरडते, "रांजन पाडतं का रे मुडद्या!", रांजण खरंच थोडा कललाय पण, मग आजीच त्याला विटेचा तुकडा लावून सरळ करते, कुत्र्याला काही कोणी उठवत नाही.

माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला येतो तो फक्त पायाच्या तळव्यांना, तोही नावाला. बाकी सगळा हिशोब जिभेवर आणि धापा टाकण्यावर. श्वासाबरोबर ओल उडते आणि अंग गार होतं, म्हणजे आपल्या कूलरचंच गणित. त्यामुळे खिडक्या बंद करून कूलर लावला आणि खोली नुसती दमट झाली की कुत्र्याला त्यात उलट त्रास होतो. मावशीचा पग मागच्या सुट्टीत आला होता, चपट्या नाकाचा, त्याला बिचाऱ्याला धड धापही टाकता येत नाही, बसल्या बसल्या घुरघुर चालू. दुपारी लाईन गेली की आम्ही सगळे त्याच्याभोवती दुपट्टा हलवत बसायचो आणि टायगऱ्या रांजणाखालून एका डोळ्यानं बघायचा. शेजारच्या दादानं त्याच्या झुपकेदार पॉमेरियनचं गरम होते म्हणून पूर्ण टक्कल करून टाकलं, तेही चुकलंच, ते केस उन्हापासून वाचवतात, नुसते विंचरून मेलेले केस काढले तरी पुरे होतं.

तर एवढं सगळं कळणाऱ्या टायगऱ्याचं डोकं एका ठिकाणी बंद पडतं, गाडीचा आवाज आला की. मग सावली नाही, खड्डा नाही, काही नाही, नुसतं मागं पळायचं.

तीन वर्षांपूर्वी नवतपा, म्हणजे मे संपतानाचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू होता. नागपूरला मागं २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री झालं होतं, आमच्याकडं यवतमाळच्या या कोपऱ्यात माझ्या त्या नवतप्यात तेवढं नसेल, पण ते आकडे सावलीतल्या पेटीत मोजलेले असतात, डांबरी रस्ता त्या पेटीत नसतो. मी अकराला शेतात निघालो, वखराचं काम चालू होतं, डबा पोचवायचा होता. चार किलोमीटर. आरशात दिसला मला तो, पण वाटलं नाल्यापर्यंत येईल आणि परत जाईल, नेहमीसारखा. हे माझं चुकलं, दुसऱ्या कोणाचं नाही. शेताच्या धुऱ्यावर गाडी लावली तेव्हा तो आला, आणि आला म्हणजे कसा, मागचे पाय एकीकडं पुढचे दुसरीकडं, दारू प्यायल्यासारखा. लाळ चिकट, दोऱ्यासारखी लोंबत होती. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या विटेसारख्या लाल. मग उलटी केली आणि बसला तो उठेचना.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, नशिबानं रेंज होती. ते म्हणाले आधी तिथंच गार कर, मग आण. निंबाखाली ओढला, विहिरीचं पाणी पोटावर, जांघेत, पायाच्या तळव्यांवर टाकत राहिलो आणि डब्याच्या झाकणानं वारा घातला. मी त्याच्यावर ओला दुपट्टा गुंडाळला होता, डॉक्टर म्हणाले काढ तो, आतल्या आत वाफ धरते. तोंडात पाणी ओतू नको, स्वतः प्याला तर पिऊ दे. अर्ध्या तासानं शेजारच्याच्या ऑटोत घालून नेला, तरी ताप १०५ होता. कुत्र्याचा नॉर्मलच १०१ ते १०२.५ असतो हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस सलाईन. घरी आल्यावर आजी माझ्याशी बोलली नाही, फक्त एवढंच, "तू कायले घेऊन गेलता त्याले उन्हात?" घेऊन गेलो नव्हतो, पण उत्तर काय देणार.

त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवून पाच-सात सेकंद टिकते का पाहायचं, टिकत नसेल तर त्याचेही पाय टिकत नाहीत, एवढी सोपी गोष्ट, पण आपण चप्पल घालून फिरतो ना.

तेव्हापासून बाकीचंही लक्ष द्यायला लागलो. पाण्याचं स्टीलचं भांडं काढून मातीचं पसरट कुंडं ठेवलं, दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. भाकर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, दुपारी तो तसाही खात नाही, कधी ताकात कुस्करून, मीठ न घालता, आणि कांदा-लसणाचं काहीच नाही. रसाच्या दिवसांत कोया उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, गिळली आणि आतड्यात अडकली की ऑपरेशनच. गोचीड तर विचारूच नका, कानात, बोटांच्या बेचक्यात, भिंतीच्या फटीत सगळीकडं. गावात काही जण गोठ्यातलं ढोरांचं औषध अंदाजे पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालतात, ते प्रमाण कुत्र्याला चालत नाही आणि कुत्रं अंग चाटतं ते वेगळंच. रॉकेल लावणारेही आहेत. डॉक्टरांकडून कुत्र्याचं औषध आणायचं, आणि फटी चुन्यानं बुजवायच्या, कारण गोचीड अंडी अंगावर नाही, फटीत घालते.

पण खरा प्रॉब्लेम गाडीचाच. पहिले बांधून पाहिलं, साखळी उन्हात तापली आणि सावली सरकली की त्याला सरकता येईना, तो तर आणखीच वाईट प्रकार. म्हणून हे ढकलणं. जायला सकाळ गारच असते, पण यायला मला दहा-साडेदहा होतात आणि तोही माझ्याबरोबरच परत येणार ना.

परवा पहाटे साडेपाचला चप्पल हातात घेऊन निघालो, फाटकाच्या कडीला आदल्या रात्रीच तेल लावलं होतं. रांजणापाशी खड्डा अंधारात होता, मी तिकडं पाहिलंही नाही, पाहिलं की त्याला कळतं असं मला वाटतं. गाडी पारापर्यंत नेली, स्टँडवर लावली, चप्पल घातली. किक मारायला पाय उचलला तर पारावर आधीच कोणीतरी बसलेलं. एक कान उभा, एक पडलेला.

गाडी परत फिरवली. दारात आई सडा टाकत होती, म्हणाली, "काय इसरलं बापा?"

म्हटलं, "कुत्रं."