मोरीमागचा कॉक

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बाथरूममागच्या भिंतीचा रंग हातात आला. आठ दिवसांपासून तिथं फुगा धरला होता. मी रोज त्याच्याकडे बघायचो आणि रोज सकाळच्या गाडीनं जळगावला कामावर निघून जायचो. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बोटानं दाबून पाहिलं, तर पापुद्रा सुटला आणि आतून सुईएवढी धार थेट पायजम्यावर आली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्याकडे तिचा थाट दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. आमच्याकडे नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही दुसरी घागर. बहीण दोन पोरं घेऊन धुळ्याहून दुपारी येणार होती. बाहेर ४४ अंश, घरात सण, आणि भिंतीतून धार.

घर अमळनेरचं, नानांनी तीस-एक वर्षांपूर्वी बांधलेलं. खाली स्वयंपाकघर, मोरी, बाथरूम. वर दोन खोल्या. गच्चीवर हजार लिटरची टाकी. अंगणात जमिनीतला हौद. पाइप त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, भिंतीत गाडलेले. वरून धडधाकट दिसतात, पण आतून जस्त झिजतं, गंज चढतो, क्षाराचं कडं जमतं, आणि शेवटी आटे पाडलेल्या जागी, जिथं पाइप मुळातच पातळ झालेला असतो, तिथं तो फुटतो. हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. सकाळी एवढंच सुचलं, की पाणी बंद करावं.

टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर, टाकीपासून वीतभर अंतरावर, पितळी गेट वॉल होता. लाल रंगाचं गोल चाक. मी चाक उजवीकडे फिरवायला लागलो. फिरलं. आणखी फिरलं. वीस वेढे झाले, तीस झाले, चाक आपलं लोण्यासारखं फिरतंय. खालून माय ओरडली, ‘‘धार तशीच शे!’’

गेट वॉलमध्ये आत एक पितळी पाचर असते. चाक फिरवलं की दांड्याच्या आट्यांवर ती खाली उतरते आणि वाट अडवते. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही, की पाचर क्षारानं वरच चिकटून बसते. मग जोर लावला की दांडा तरी मोडतो, नाहीतर पाचरीपासून सुटतो. चाक फिरत राहतं आणि पाचर जागची हलत नाही. नाना असताना दर दिवाळीला गच्ची धुवायच्या वेळी हे चाक एकदा बंद करून पुन्हा उघडायचे आणि पूर्ण उघडल्यावर अर्धा वेढा मागं घ्यायचे. मला वाटायचं, त्यांना उद्योग नाही.

प्लंबरभाऊंना फोन केला. सणाचा दिवस, लग्नसराई. साडेदहाला येतो म्हणाले आणि खरंच साडेदहाला आले, याचं मला अजून नवल वाटतं. आल्या आल्या पहिला प्रश्न, ‘‘वरला वॉल बंद कया का?’’ मी चाक फिरवून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे आणि चाकाकडे सारख्याच नजरेनं पाहिलं.

सोपा मार्ग होता टाकी रिकामी करण्याचा. पण आमच्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. पाळी त्याच दिवशी होती, पण येईल तेव्हा खरी. सणाच्या तोंडावर टाकीभर पाणी गटारीत सोडायला माय जिवंत असेपर्यंत तयार झाली नसती. तिनं घरातली सगळी भांडी काढली. पिंप, हंडे, बादल्या, पोरांचा आंघोळीचा टब, पुरणाची डाळ भिजवायचं पातेलंसुद्धा. सगळं भरून झालं तरी टाकीत फूटभर पाणी उरलंच.

मग प्लंबरभाऊंनी युक्ती काढली. शेजारच्या गुरांच्या चाऱ्यातून दाणे काढलेलं मक्याचं कणीस आणलं, त्याला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळली, मागच्या टोकाला सुतळी बांधली. हे बूच टाकीच्या आतून, पाणी बाहेर पडायच्या भोकात बसवायचं. आतून का? बाहेरून बसवलेलं बूच पाणी ढकलून देतं. आतून बसवलं की तेच पाणी त्याला दाबून धरतं. खालची लाइन जसजशी रिकामी होईल, तसतसं ते आणखी घट्ट बसतं. आणि सुतळी नसेल, तर पुन्हा काढताना नाकी नऊ येतात.

टाकीत उतरायचं कुणी? अंगानं काडीपैलवान मीच. पाय साबणानं धुतले आणि झाकणातून आत सरकलो. वैशाखातली काळी टाकी आतून कशी असते, ते सांगून कळणार नाही. पाणी पायाला चटका देत होतं. त्या दिवसांत आम्ही दुपारी गिझर लावतच नाही. दोन मिनिटांत बूच ठोकून बाहेर आलो, तर गच्चीवरचं ऊन गार वाटलं. (हे काम एकट्यानं करू नका, वर कुणीतरी उभं असू द्या. मला घेरी यायला लागली होती.)

खाली येऊन दोन बटणांवर चिकटपट्टी लावली. एक मोटारीचं, सवयीनं कुणी चालू करू नये म्हणून. दुसरं गिझरचं. गिझरमधलं पाणी उतरलं आणि बटण चालू राहिलं, तर कॉइल कोरडी तापून जळते. मग वरच्या मजल्यावरचा नळ उघडला आणि खाली मोरीतली तोटी उघडली. खालच्या तोटीतून लाइन रिकामी होते, पण वरून हवा आत गेली तरच. पाण्यानं भरलेली नळी एका टोकाला बोट ठेवून उभी धरली की पाणी पडत नाही, तसंच हे. वरचा नळ उघडल्याबरोबर सूंऽ असा आवाज आला आणि मोरीत धो धो पाणी आलं, मग धार, मग थेंब. भिंतीतली धारही थांबली.

प्लंबरभाऊंनी छन्नीनं भिंत फोडली. पाइप सापडला, एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या जोडाच्या, तोंडाशी गंजानं चाळणी झालेला. गाडलेला तुकडा तसाच भिंतीत सोडून द्यायचा आणि मोरीजवळच्या टीपासून, म्हणजे तीन तोंडांच्या जोडापासून, बाथरूमपर्यंत सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाची, नवी लाइन भिंतीवरून उघडी न्यायची, असं ठरलं. उघडी लाइन दिसायला बरी नाही, पण पुढच्या वेळी भिंत फोडावी लागत नाही. मला पटलं.

आता जुना पाइप टीमधून सोडवायचा. इथं त्यांनी दोन पाने लावले. एका पान्यानं टी जागच्या जागी धरायची, दुसऱ्यानं पाइप फिरवायचा. एकाच पान्यानं ओढलं की पीळ मागं भिंतीत जातो आणि एक गळती बंद करताना दुसरी सुरू होते. पाइप सहा-सात आटे सुटला असेल, आणि टीमधून लालभडक पाणी उसळलं. थेंब नव्हे, पिचकारी. प्लंबरभाऊंच्या शर्टावर, समोरच्या भिंतीवर, पॅसेजमध्ये वाळत घातलेल्या पापडांवर. मी धावत जाऊन अंगठा लावला. अंगठ्याच्या कडेनं पाणी माझ्या तोंडावर.

‘‘हाई पानी कथाईन ई राहिनं?’’ प्लंबरभाऊ ओरडले. हे पाणी येतंय कुठून?

मी म्हणालो, बूच निसटलं. ते गच्चीवर पळाले. बूच जागेवर. मग म्हणाले, गिझरचं पाणी मिक्सरमधून उलटं येत असेल. असं होतं खरं. गरम-गार दोन्ही लाइनी मिक्सरमध्ये भेटतात आणि एकीचं पाणी दुसरीत शिरतं. पण गिझरमध्ये पंधरा लिटर पाणी. इतका वेळ इतक्या जोरानं येईल कुठून? आम्ही दोघं टाकी, गिझर, मिक्सर असे वाद घालत उभे. माझा अंगठा बधिर.

माय स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. पापडांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाली, ‘‘मोरीमांगला कॉक बंद कया का?’’

मोरीमागं कॉक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. याच घरात लहानाचा मोठा झालो, पण ठाऊक नव्हतं. मोरीच्या कट्ट्यामागं, घासणीचा डबा असतो त्याच्याही मागं, हातभर आत एक कॉक. नानांनी कधीतरी नळाच्या डायरेक्ट लाइनीचा एक फाटा तिथून बाथरूमच्या लाइनीला जोडला होता. पाणी आलं की माय तो उघडते. मोरीत आणि बाथरूमला ताजं, गार पाणी मिळतं आणि टाकीतलं वाचतं. मागं एक नॉन-रिटर्न वॉलही आहे. तो नसता, तर नळ गेल्यावर टाकीतलं पाणी उलटं रस्त्याच्या लाइनीत गेलं असतं. पाण्याच्या आदल्या रात्री माय कॉक उघडून झोपते, म्हणजे पाणी केव्हाही आलं तरी वाया जात नाही. त्या दिवशी पाळी होतीच, आणि पाणी आलं ते नेमकं सातव्या आट्याला.

आम्ही टाकीकडून येणारं पाणी अडवलं होतं. घरात पाणी दोन बाजूंनी येत होतं आणि दुसरी बाजू घरात एकाच माणसाला माहीत होती.

‘‘सांगाना व्हतं ना, मावशी,’’ प्लंबरभाऊ म्हणाले.

‘‘माले कोनी पुसं?’’

तिनं घासणीचा डबा सरकवला, हात आत घातला आणि कॉक फिरवला. पिचकारी धारेवर आली, धार थेंबावर. पण थेंब थांबेनात. कॉक जुना, पूर्ण बसत नव्हता. प्लंबरभाऊंच्या भाषेत ‘पास करत’ होता. आट्याच्या जोडाला थोडं पाणी चालतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून टीत पितळी आट्यांचा अडॅप्टर कसून बसवला. अडचण पुढच्या जोडाची. सीपीव्हीसीचा जोड सॉल्व्हंट सिमेंटनं होतो. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, आणि त्याला पाइप कोरडा ठणठणीत लागतो. एक थेंब मध्ये आला की जोड कच्चा.

प्लंबरभाऊंनी पाव मागितला. मला वाटलं, भूक लागली. ‘‘कळण्याची भाकरी आहे, देऊ?’’

‘‘भाकर चालाव नही, पाव लई या.’’

कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणला. कडा काढून आतला मऊ भाग त्यांनी गोळी करून अडॅप्टरच्या तोंडातून आत ढकलला. पाव थेंब पिऊन घेतो. तेवढ्या दोन-चार मिनिटांत जोड करायचा. नंतर पाणी सोडलं की पाव विरघळून तोटीतून निघून जातो. चिंधी किंवा कापूस घातला, तर तो पुढं जाऊन कुठंतरी अडकून बसतो. भाकरीचं विचारलं, तर म्हणाले, ती आधी पाणी पिते आणि मग दगड होते. खरं-खोटं मायला माहीत. तिला हे आवडलं नाही.

पाव आत गेल्यावर मात्र त्यांचे हात भराभर चालले. एक्सा ब्लेडनं कापलेल्या तोंडाची कूस काढली, आतून-बाहेरून कपड्यानं पुसलं, दोन्हीकडे सिमेंट लावलं, पाइप आत ढकलताना पाव वेढा पीळ दिला आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरला. लगेच सोडला तर पाइप हळूच मागं सरकतो. आमच्याकडच्या उन्हात सिमेंट लावता लावता वाळतं. डबा उघडा ठेवून गप्पा मारायची सोय नाही.

जोड वाळेपर्यंत त्यांनी गच्चीवरचा मेलेला गेट वॉल काढला. बूच आत होतंच. त्याच्या जागी पितळी बॉल वॉल आला. दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. पाव वेढ्याचं काम. लांबूनही कळतं. मोरीमागचा कॉकही त्याच दिवशी बदलायला हवा होता, पण त्यासाठी रस्त्याचं पाणी जाईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि त्यांना पारोळ्याला लग्नाला जायचं होतं. ते काम सणानंतर आठ दिवसांनी झालं.

चार वाजता मी पुन्हा टाकीच्या तोंडाशी. सुतळी ओढली, बूच निघेना. दोघांनी ओढली तेव्हा निघालं. पाणी एकदम सोडलं नाही. आधी मोरीतली तोटी उघडी ठेवली, कारण तिला जाळी नाही, आणि वरचा वॉल थोडाच उघडला. हवा खोकत खोकत बाहेर आली, मग चहाच्या रंगाचं पाणी, मग पावाची पेज. ते निवळल्यावर बाकीचे नळ एकेक करून. शॉवरच्या जाळीत तरी गंजाची वाळू अडकलीच. ती काढून धुतली. गिझर पूर्ण भरून त्याच्या नळातून पाणी आल्यावरच चिकटपट्टी काढली.

बहीण तोवर आली होती. पोरं टबातलं साठवलेलं पाणी उडवून मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मायनं नानांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. पाणी हंड्यातलं, आदल्या दिवशीच्या भरून ठेवलेल्यातलं. मांडे झाले, रस झाला. पापड मात्र लालच राहिले.

तिसऱ्या रात्री झोपायला जाताना तिनं विचारलं, ‘‘सकाय पानीना दिन शे. कॉक उघडू का?’’

मी बॅटरी घेऊन मोरीत गेलो, नव्या जोडावरून बोट फिरवलं, खालच्या फरशीवर हात ठेवला. कोरडं होतं.

‘‘उघड,’’ म्हटलं.