तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस येतील का?

फोंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर कोपर टेकून, आवाज खाली आणून आठवड्याला एखादा तरी विचारतोच, "काका, क्रॅक केलेला गेम उतरवला तर पोलीस येतात का हो?" क्रॅक केलेला म्हणजे पैसे न भरता चालावा म्हणून कुलूप तोडलेला.

कायद्याचं आधी उरकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला संरक्षण आहे आणि गेम हा प्रोग्रामच. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती वापरली, तर कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. असे गेम बहुधा टोरंटने, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने, उतरवतात, आणि त्याची गोम आणखी वेगळी: उतरवत असतानाच आलेले तुकडे तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या क्रमांकावरून, दुसऱ्यांना जात असतात. घेणारा नकळत वाटणाराही होतो.

घरी गेम खेळला म्हणून माझ्या ओळखीतल्या एकाही पोरावर केस झालेली नाही. आजवर झाली नाही, एवढंच सांगतोय.

माझ्या टेबलावर येतं ते प्रकरण निराळं. गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत डिचोलीचा अकरावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. काहीही न उघडता पंखा घरघरतो, मशीन चुलीसारखं तापतं. वडील म्हणाले, धूळ असेल. धूळ काढली, तरी तेच. गंमत म्हणजे टास्क मॅनेजर (कोणते प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की घरघर थांबायची, बंद केला की पुन्हा सुरू. आत बसलेला प्रोग्राम कुणा भलत्यासाठी मोनेरो हे आभासी चलन खणत होता, म्हणजे मशीनकडून सतत गणितं करून घेऊन ते कमावत होता, आणि विजेचं बिल डिचोलीत येत होतं.

हा काही डिचोलीपुरता प्रकार नाही. २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने 'क्रॅकोनॉश' नावाचा असाच चलन खणणारा प्रोग्राम उघडकीला आणला. जीटीए ५, सिम्स ४ अशा गेमच्या चोरट्या प्रतींतून तो २ लाख २२ हजारांवर संगणकांत शिरला होता. विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच प्रोग्राम चालतात अशा अवस्थेत, सुरू करायला लावून तिथे अँटिव्हायरसच उडवायचा. त्यातून २० लाख डॉलरहून जास्त कमाई झाली.

खरं तर पोरं स्वतःच दार उघडून देतात. गेमबरोबरच्या फायलीत लिहिलेलं असतं, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' क्रॅक गेमच्या मूळ फायलींत फेरफार करतो, त्यामुळे तो निरुपद्रवी असला तरी अँटिव्हायरस ओरडतो. मग 'लांडगा आला रे'च्या गोष्टीसारखं होतं. खरा लांडगा आला, तरी पोरगा म्हणतो, "ते असंच दाखवतं."

आणि मी कोणत्या तोंडाने शिकवतो? काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं ग्राफिक्स कार्ड तपासायला असाच एक गेम मीही उतरवला होता. दुकानाच्या कॉम्प्युटरवर, एवढी अक्कल. दुसऱ्या दिवशी माझ्या ईमेलवरून गिऱ्हाइकांना पैसे मागणारे निरोप गेले. ओटीपी कुणी मागितलाच नव्हता. आपण लॉगिन करून ठेवतो तेव्हा ब्राउझर त्याची खूण, म्हणजे कुकी, साठवतो. ती चोराने उचलली की पासवर्ड लागत नाही की ओटीपी. पोलीस माझ्याकडे आले नाहीत, मीच रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथे 'हे शिरलं कुठून?' असं विचारल्यावर काय उत्तर द्यायचं, याची उजळणी मी फोंड्यापासून करत होतो.

डिचोलीच्या त्या मुलाला म्हटलं, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदल. वडिलांनी मान डोलावली. ते गाडी काढायला बाहेर गेले, तसा तो काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "काका, बाकीचं सगळं पुसा. गेम तेवढा ठेवता येईल? शेवटची एकच लेव्हल राहिलीय."